विटकरी

खूण तिच्या रंगाची नव्हती. गाडीखाली पाठीवर पडून, हातदिवा छातीशी धरून, ती एकेक नट तपासत मागून पुढे सरकत आली होती, आणि टर्बोला सायलेन्सरचा नळ जिथे मिळतो त्या जोडाशी येऊन तिची नजर अडकली. नटावर रेघ होती, पण विटकरी. आधी तिला गंज वाटला. हात लांब करून तिने नखाने खरवडून पाहिलं. गंजाची पूड होते. इथे पापुद्रा निघाला, एका बाजूने अजून चमकणारा. नेलपॉलिशच होतं. शेजारच्या नटावर तेच, त्याच्या वरच्यावर तेच. तिने दिवा बाजूला ठेवला आणि थोडा वेळ तशीच पडून राहिली. फरशीचा गारवा पाठीत शिरत होता, वर इमारतीत कुणाच्या तरी घरात कपड्यांचं मशीन घरघरत होतं, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट खुळ्यासारखी फिरत होती, की विटकरी रंग आपण कधी लावलेला नाही. विटकरी आपल्याला शोभतच नाही.

त्या रेघांचा अर्थ जगात दोघांनाच माहीत होता, आणि त्यातला एक, तिचा नवरा, आता राहिला नव्हता. इंजिन बदलायचं म्हणजे नट-बोल्टांचा बाजार. काही नुसते हाताने लावून ठेवलेले, काही अर्धेमुर्धे आवळलेले, काही कायमचे. आणि दिसायला सगळे एकजात सारखे. तेव्हा एखादा कायमचा आवळला की त्याने ‘खूण’ म्हणायचं आणि तिने नेलपॉलिशच्या ब्रशने एक बारीक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर, म्हणजे पुढे कधी नट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसेल. कारखान्यांत यासाठी वेगळा रंग मिळतो म्हणे. त्याने मात्र एका दुपारी तिच्या बोटांकडे बघितलं आणि हे चालेल म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तिची डाळिंबी बाटली पान्यांच्या खोक्यात जाऊन बसली. खूण? केली. खूण? केली. कधी कधी अख्ख्या दुपारभरात दुसरं बोलणं नसायचं. बाकी तिचं काम उजेड धरण्याचं. लग्नाआधी कुणी सांगितलं असतं की संसाराचा मोठा भाग दिवा हातात घेऊन उभं राहण्यात जाणार आहे, तर ती हसली असती. माझ्या डोक्यावर नको, मी बघतोय तिथे, असं तो म्हणायचा. आणि तो कुठे बघतोय हे त्याच्या मानेवरून ओळखायचं. पुढेपुढे तिला ते न सांगता जमायला लागलं. मान डावीकडे वळायच्या आधीच उजेड डावीकडे गेलेला असायचा, आणि त्याला ते कळायचंही नाही. याचा तिला कोण अभिमान होता. हा असला अभिमान सांगायचा तरी कुणाला.

गाडी तिच्या बाबांची. चारही चाकांनी ओढणारी, जुनी, खोक्यासारखी चौकोनी. बाबा जमीनमोजणीच्या कामावर होते आणि रस्ता संपला की त्यांचं काम सुरू व्हायचं, म्हणून ही गाडी. ते गेल्यावर ती तिच्याकडे आली, दोन पावसाळे उभीच राहिली, आणि मग त्याच्या डोक्यात इंजिन बदलायचं भूत शिरलं. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीतलं, टर्बो असलेलं इंजिन त्याला कुठल्याशा अपघातातल्या गाडीतून मिळालं. टर्बो म्हणजे काय हे त्याने तिला जेवताना समजावलं होतं: सायलेन्सरमधून जो धूर फुकट जातो त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनाच्या घशात आणखी हवा कोंबतो. फुकट जाणाऱ्यातूनच जोर काढायचा, असं म्हणून तो इतका खूश झाला होता, जणू ही युक्ती त्यालाच सुचली होती. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होता. फुकट गेलेल्या पाण्याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. या वसंतात, पंपघराच्या लोखंडी जिन्यावर, जरा बसतो म्हणून तो बसला आणि उठला नाही. इतक्या साध्या वाक्यात ते सांगता येतं याची तिला अजून सवय झालेली नव्हती.

गॅरेज भाड्याचं होतं, इमारतीच्या मागच्या शटरांच्या रांगेतलं शेवटचं. मालकाला ती रांग पाडून तिथे काहीतरी बांधायचं होतं. माणूस वाईट नव्हता. दाराशी उभा राहून, चपलेने जमीन उकरत तो म्हणाला होता की गाडी चालत गेली काय आणि ओढत नेली काय, मला जागा मोकळी पाहिजे. चालत जाईल, असं तिच्या तोंडून निघून गेलं. का निघालं कोण जाणे. नणंदेने फोनवर तिला वेड्यात काढलं, भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो म्हणाली, आणि ‘भंगारवाला’ हा शब्द ऐकल्यावर तिने हो हो करून फोन ठेवला. तसं काम थोडंच राहिलं होतं. वायरिंग झालं होतं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा बसला होता, पाण्याचे पाइप लागले होते. काय झालंय आणि काय नाही हे विचारायला तो नव्हता, पण खुणा होत्या. खूण असेल तो नट झालेला; नसेल तो आपण आवळायचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं, स्क्रूला किती पिळलं की तो रुसतो हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. इथे फक्त स्क्रू मोठे. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती खाली यायची, खुणा बघत जायची, आणि प्रत्येक डाळिंबी रेघेपाशी तिला ती दुपार आठवायची. हा बोल्ट लावताना त्याचा अंगठा चेंगरला होता. हा लावताना तो शिंकला आणि पाना तिच्या पायावर पडला. इंजिनाखालचे पाय, गिअरबॉक्सचा जोड, सगळं तिच्या रंगात होतं, आणि ती खालून बघत असताना तिला जवळजवळ बरं वाटत होतं. आणि मग टर्बोपाशी हा दुसराच रंग.

म्हणजे दुसरं कुणीतरी इथे उभं होतं. हा विचार आला तेव्हा तिला धक्का बसला नाही. कुणीतरी इथे, या दिव्याच्या मागे, उभं राहून उजेड धरला. खूण? केली. दुसऱ्या आवाजात. बाकी काही झालं असेल नसेल, त्याचं तिला एवढं वाटलं नसतं असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खरंही होतं थोडंफार, पण उजेड! त्याची मान कुठे वळणार हे त्या बाईलाही कळायला लागलं होतं का, की तिला तो सांगत होता, माझ्या डोक्यावर नको, मी बघतोय तिथे? दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात बायकांचे हात बघायला लागली. चष्मा घालून बघताना हात आपसूक चेहऱ्याजवळ जातात, दांड्या नीट करतात, आरशासमोर केस मागे सारतात, आणि काउंटरच्या या बाजूने ते सगळे हात दिसतात. लाल, गुलाबी, कोरे, कुरतडलेले. एकदा एका बाईची नखं खरंच विटकरी निघाली. तिने तिला गरज नसताना तीन फ्रेमा जास्तीच्या दाखवल्या, राहायला कुठे म्हणून विचारलं, आणि ती बाई साठीच्या पुढची असून मुलाबरोबर आलेली आहे हे लक्षात आल्यावर मान खाली घालून पावती केली. घरी येताना रस्त्यात, दुकानांच्या काचांपुढे, पुलावर, जिथे तिथे हात. त्याला पोचवायला आलेल्या माणसांत पंपघरातल्या दोन बायका होत्या. त्यांचे चेहरे तिला आठवत होते, हात काही केल्या आठवत नव्हते. आपला नवरा गेला त्या दिवशी आपण लोकांची नखं बघायला हवी होती, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली.

गाडीवर तिला मदत करणारा एकच माणूस होता, टर्नर. नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जुळेना, तेव्हा मधली जाड पट्टी त्याने आपल्या लेथवर करून दिली होती. नवरा त्याला उस्ताद म्हणायचा. उंच, वाकलेला, एका कानाने कमी ऐकणारा. बोलताना तो समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघायचा, लेथवाल्यांची सवय. त्या आठवड्यात तो गिअरबॉक्सचं तेल भरून द्यायला आला. नळी धरून तो बसला असताना, आवाज शक्य तितका साधा ठेवून, तिने विचारलं की हिवाळ्यात हा एकटाच काम करत होता का. एकटा कसा, तो म्हणाला, एकट्याने टर्बो बसतो होय, तिथे हात जातो तर डोळा जात नाही. मग तेलाकडे बघतच पुढे बोलला.

“मी म्हटलं होतं त्याला, येऊ का म्हणून. उजेड धरायला कुणी लागेल ना.”

“मग?”

“नको म्हणाला. म्हणाला, उजेडाला आहे माणूस.” त्याने नळी झटकली. “मला वाटलं, तुम्हीच असाल, वहिनी.”

तिने हो म्हटलं. तोंडातून हो गेलं आणि मग ते परत घेता आलं नाही. टर्नर तेलकट फडकं घडी करून खिशात घालून निघून गेला, आणि ती गाडीच्या पायरीवर बसून राहिली. उजेडाला आहे माणूस. त्याने सहज सांगितलं असणार, लपवायची गरजसुद्धा न वाटता. बायको वर, उजेडाला माणूस खाली. तिला राग यायला हवा होता, आणि येत होता तो रडका, लहान मुलासारखा राग, आपलं कुणीतरी घेतलं म्हणून येतो तसला.

कारण हिवाळाभर ती खाली आलीच नव्हती. भांडण बाबांच्या इंजिनावरून झालं. जुनं इंजिन काढून त्याने कोपऱ्यात फळ्यांवर ठेवलं होतं, आणि तिला वाटत होतं ते तिथेच राहणार, कायमचं, बाबांच्या मोजणीच्या साखळीसारखं. एके दिवशी ती दुकानातून आली तर कोपरा रिकामा, फळ्यांवर तेलाचा डाग. भंगारवाला येऊन घेऊन गेला होता. तिने विचारलं तेव्हा तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, बंद पडलेलं इंजिन ते, ठेवून करायचं काय. ते बाबांचं होतं, ती म्हणाली. अख्खी गाडीच बाबांची आहे की, तिच्यासाठीच तर मरतोय मी इथे, तो म्हणाला. बाहेर येऊन बोलला असता तर वेगळं झालं असतं, असं तिला नंतर वाटत राहिलं. त्याचे पायच दिसत होते, आणि पायांशी किती भांडणार. तिने खोक्यातली आपली डाळिंबी बाटली उचलली, मुठीत धरली आणि वर गेली. त्या मुठीत सगळं आलं होतं. तिला माहीत होतं की त्याला ते समजेल, आणि त्याला समजलंही. त्यानंतर घरात दूध, किल्ल्या, नळ गळतोय, उद्या लवकर जायचंय, इतकंच बोलणं उरलं. गाडीचं नाव दोघांनी काढलं नाही. सुट्टीच्या दुपारी तो खाली जायचा आणि खिडकीतून तिला शटर वर जाताना ऐकू यायचं; मग ती रेडिओ लावायची. तिसरी-चौथी सुट्टी गेल्यावर राग संपून गेला होता, पण रागाची जागा तशीच राहिली होती, आणि ती ओलांडून खाली जायला कारण सापडेना. त्याने एकदा हाक मारली असती. एकदा नुसतं ‘उजेड’ म्हटलं असतं. उलट तो आणखीच मुका झाला. जेवताना एका बाजूने चावायचा, घास गिळताना डोळे मिटायचा, आणि तिने विचारलं तर दाढ दुखतेय म्हणायचा. दाढ दुखतेय तर डॉक्टरकडे जा, ती म्हणायची, आणि मनात म्हणायची, बोलायला नको म्हणून दाढ. आता तिला ते जास्त कळत होतं. ज्याचं बोलणं खाली होऊन जात होतं त्याला वर दाढ दुखणारच.

विचित्र म्हणजे या सगळ्या दिवसांत तिला तो सारखा आठवत होता तो पहिल्या भेटीतला. दुकानात डोळे तपासायला आला होता, नवी नोकरी लागत होती म्हणून. ठिपक्यांची ती पानं असतात, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. तिने पहिलं पान धरलं आणि त्याने मोठ्या आत्मविश्वासाने भलताच आकडा सांगितला. दुसऱ्याला आणखी भलता. तिसऱ्यापाशी थांबला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तुम्हाला यात खरंच काही दिसतं की तुम्ही पण ठोकून देता? ती इतकी हसली की मालक आतून बाहेर आले. पंपघरात रंगांवाचून काही अडत नव्हतं, नोकरी लागली. लग्नानंतर त्याचे कपडे तीच काढून ठेवायची, नाहीतर तो तपकिरी पँटवर हिरवा शर्ट घालून, दोन्ही एकच रंग समजून, खुशाल निघायचा. पिकलेला टोमॅटो ओळखायला तो बोटाने दाबून बघायचा. हे सगळं आठवायचं आणि तिला वाटायचं, इतका आपला असलेला माणूस, आणि तरी.

गाडी सुरू करायची ओढ तिला नंतर लागली ती या रागातूनच. टर्बो तापतो, लालबुंद होईपर्यंत तापतो. तिथल्या खुणा टिकायच्या नाहीत, हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. मग तिथे करायच्याच कशाला, तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता की करायच्या, आपल्याला कळावं म्हणून. एकदा गाडी सुरू झाली की गेल्या तर गेल्या. इंजिनाच्या पायांवरच्या, गिअरबॉक्सवरच्या, मागच्या दांड्यावरच्या, तिच्या सगळ्या रेघा थंड जागी होत्या, त्या राहणार होत्या. जळणार होत्या त्या फक्त विटकरी. किल्ली फिरवायची, आणि त्या बाईने इथे जे काही ठेवलं आहे ते धूर होऊन जाईल. जुनी सापडेना म्हणून तिने चावीवाल्याकडे जाऊन नवी किल्ली करून आणली, बॅटरी भरून आणली, पाणी भरलं, तेल भरलं. मालकाला सांगितलं, या सुट्टीला गाडी बाहेर काढते. एक नट तेवढा उरला होता.

तो त्याच जोडावरचा चौथा नट. तीन विटकरी, हा कोरा. त्याचं काम इथे येऊन थांबलं होतं. सुट्टीच्या दुपारी ती शेवटचं म्हणून गाडीखाली शिरली. नट अशा बेचक्यात होता की जाळीचा हातदिवा तिथे जाईना. बाहेरून धरावा तर तिच्याच हाताची सावली पडायची. एका हाताने वरून बोल्टचं डोकं पकडायला लागत होतं, दुसऱ्या हाताने खालून पाना. चाचपडत तिने पाना लावला, तो निसटला, कुठेतरी खण्णकन आपटून गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर जाऊन पडला. शिवी हासडून तिने पट्टीवर हात फिरवला, तर पान्याच्या आधी दुसरंच काही हाताला लागलं. बारीक, रबरी, बोटभर जाडीचं. ओढून काढलं तेव्हा तो टॉर्च निघाला, खिशातला असतो तसा लहानसा, धुळीत माखलेला. पेटवून पाहिला तर सेल मेलेले. ती बाहेर आली, वर घरी जाऊन कपाटावरच्या रेडिओतले सेल काढून त्यात घातले, आणि तो लागला. आता दोन हात दोन बाजूंना गुंतलेले आणि टॉर्च तिसऱ्या हातात हवा. पुन्हा खाली पडून तिने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने तो टेकवून पाहिला, तो गडगडत राहिला, आणि मग जे कुणीही केलं असतं ते तिने केलं. टॉर्च दातांत धरला.

दात खळग्यांत बसले. तिने धरला, आणि दातांना शोधायला लागलंच नाही. रबरात आधीपासून खळगे होते, वरच्या बाजूला, खालच्या बाजूला, खोल, एका कडेला तर रबर तुटून आतलं पत्र्याचं अंग लागत होतं. ती हलली नाही. उजेड नटावर पडला होता, अगदी नेमका, जिथे बघायचं तिथे. मान वळली तर उजेडही वळत होता. तोंडात रबराची, तेलाची चव, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गालावर उतरत होती, आणि जबड्यात, डाव्या बाजूला कानाखाली, एक कळ हळूहळू जमायला लागली. दाढ दुखतेय. एका बाजूने चावणं, घास गिळताना मिटलेले डोळे. हिवाळाभर, एकेका नटापाशी, तो हे असं धरून इथे पडलेला होता. तोंडात टॉर्च असताना ‘खूण’सुद्धा म्हणता येत नाही. आणि म्हणणार तरी कुणाला होता.

ती बाहेर आली. खिळ्यावर त्याचा कामाचा निळा डगला होता, धुवायला धीर न झालेला, इतके दिवस तिने हात न लावलेला. खिशात हात घातल्यावर बाटली हाताला लागली. जवळजवळ भरलेली, विटकरी. शटरच्या उजेडात धरून ती बघत उभी राहिली, आणि ठिपक्यांची ती पानं तिला आठवली, आणि मग काही उरलंच नाही समजायला. तो दुकानात गेला असणार. नेलपॉलिश मिळतं तसल्या दुकानात, बायकांच्या घोळक्यात, तो, तेलाच्या हातांनी. फळीवरच्या बाटल्या एकेक उचलून, उजेडात धरून, बायकोचा रंग शोधला असणार, आणि सापडला म्हणून घेऊन आला असणार. त्याच्या डोळ्यांना हा डाळिंबीच होता. त्याच्या लेखी गाडीवर एकच रंग होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि टर्नरला काय सांगितलं होतं! उजेडाला आहे माणूस. थाप मारतानाही त्याने तिलाच उभं केलं होतं, इथे, दिवा हातात देऊन. बायको रुसून वर बसलीय हे चारचौघांत जाऊ नये म्हणून. की त्याला तसं वाटतच होतं, येईल ती, आज नाही तर पुढच्या सुट्टीला. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. ती हे मोठ्याने म्हणाली, रिकाम्या गॅरेजात. दुसरी बाई असती तर निदान त्याच्याजवळ कुणीतरी होतं. त्या बाईला शिव्या घालून, तिची नखं शोधत, आयुष्य काढता आलं असतं. आता शोधायलाही कुणी नव्हतं. ती पायरीवर बसली आणि डगला मांडीवर घेऊन रडली, आवाज करून, कुणी ऐकेल याची पर्वा न करता.

मग पुन्हा खाली गेली, कारण नट राहिला होता. टॉर्च दातांत धरला, वरून बोल्ट पकडला, खालून पाना लावला आणि आवळला. शेवटचा पीळ द्यायला जोर लागला, आणि तेव्हा दात आपोआप रबरात रुतले, तुटलेल्या त्या कडेवरच. त्याच्या बाटलीचं झाकण उघडून तिने रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी खाली. दातांत टॉर्च धरून ओढल्यामुळे ती जाड आली. त्याच्याही जाडच होत्या, आता नीट पाहिलं तर, बोटाने फासलेल्या, कडांना पसरलेल्या. आधी तिला त्या परक्या बाईचा गबाळेपणा वाटला होता. चारही रेघा तिने टॉर्चच्या उजेडात कितीतरी वेळ बघितल्या. त्या हिवाळ्याचं एवढंच उरलेलं होतं, आणि गाडी सुरू केली की तेही जळून जाणार होतं. ओढत न्यायला सांगावं का मालकाला? भंगारवाल्याकडे जायची गरज नाही, कुठेतरी एखाद्या आडोशाला, ताडपत्रीखाली, बंद गाडी ठेवता येते, लोक ठेवतात. शटरपाशी मालक येऊन उभा राहिला होता, खाकरला, आणि तिचे डोळे बघून म्हणाला, नसेल होत आज तर राहू द्या, पुढच्या आठवड्यात बघू. तिने मानेनेच नाही म्हटलं. एकदा गाडी सुरू झाली की गेल्या तर गेल्या. त्याला ही गाडी सुरू व्हायला हवी होती. एवढं एकच त्याने मागितलं होतं, आणि तेही तिच्याकडे मागितलं नव्हतं.

इंधनाचा फ्यूज काढून तिने आधी इंजिन नुसतंच फिरवलं, टर्बोच्या पंख्यापर्यंत तेल पोचावं म्हणून. कोरड्या अंगाने तो फिरला की मेलाच, असं तो म्हणायचा. स्टिअरिंगमागचा तेलाचा लाल दिवा विझला, म्हणजे तेल पोचलं. फ्यूज लावला. किल्ली फिरवली तेव्हा इंजिन दोनदा अडखळलं आणि लागलं. बाबांच्या इंजिनाचा आवाज जाड, खोकल्यासारखा होता. हा वेगळाच, खालून भरून आलेला, आणि त्याच्यावर एक बारीक शीळ, फुकट जाणाऱ्या धुरातून निघालेली. मालकाने टाळी वाजवल्यासारखं काहीतरी केलं आणि हात मागे घेतले. ती खाली उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, काच उघडी टाकून, बसून राहिली. तापमानाची सुई हळूहळू वर चढत होती. आधी गरम लोखंडाचा वास आला, मग सांडलेल्या तेलाचा, आणि मग, त्यांच्या मागून, गोडसर, घशाला लागणारा तो वास, बायकांच्या ड्रेसिंग टेबलाला पेटत्या काडीने चटका बसावा तसा. तिला तो लगेच ओळखू आला. पुढच्या झाकणाच्या फटीतून निळसर धुराची एक बारीक रेघ वर गेली. मालक काहीतरी विचारत होता, जळतंय का काय, बंद करायची का. तिने त्याला हाताने थांबवलं. धूर विरळ झाला, आणि वास राहिला, आणि मग वासही कमी होत गेला. तिने तो शेवटपर्यंत छातीत ओढून घेतला.

“केली,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. मग तिने गिअर टाकला आणि गाडी उजेडात काढली.